पाइनचं पहिलं बाकडं: फळी निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

कोल्हापुरात फर्निचर म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस पहिला प्रश्न हाच विचारतं, "सागवान हाय न्हवं?" पाइन आहे म्हणून सांगितलं की चेहरा उतरतो. खोक्याचं लाकूड, दोन पावसाळ्यांत वाकणार, वाळवी खाणार, असा निकाल तिथंच लागतो. यातलं निम्मं खरं आहे. पाइन वाकतं, डाग धरतं, जोरात दाबलं तर नखाची खूणसुद्धा उमटते. पण ज्याला सुतारकाम शिकायचंय त्याच्यासाठी याच्याइतकं सोयीचं लाकूड बाजारात नाही. हातकरवतीनं कापलं जातं, पटाशी सहज चालते, एकट्याला उचलता येतं आणि एखादा तुकडा वाया गेला तर पोटात गोळा येत नाही.

अट एकच, त्याला सागवान समजून वागवायचं नाही. सागवानाच्या अंगातच तेल असतं, त्यामुळं ते पाणी फारसं घेत नाही आणि पॉलिश कसंही मारलं तरी खुलून दिसतं. पाइन पाणी पितं, टोकाजवळ स्क्रू घातला की फाटतं आणि रंग लावला की एकीकडं गडद तर दुसरीकडं फिकट दिसतं. या तिन्हींची तजवीज आधीच करायची असते, नंतर काही हाती लागत नाही.

आपण एक बाकडं करू. सोप्यात किंवा व्हरांड्यात ठेवायचं, दोन माणसं बसतील असं. लांबी ४२ इंच, रुंदी सव्वाअकरा इंच, उंची साधारण १७ इंच. तयार झाल्यावर वजन आठेक किलो भरेल. पहिल्या फटक्यात खुर्ची करायला जाऊ नका, तिच्यात तिरके सांधे फार. बाकड्यात सगळं गुण्यात, म्हणजे काटकोनात असतं आणि तरी सुतारकामातल्या बहुतेक गोष्टी हाताखालून जातात.

लाकूड बघून घ्यायचं

टिंबर मार्केटमधल्या वखारीत पाइन मागितलं की साधारण दोन तऱ्हेचं लाकूड समोर येतं. एक परदेशातून आलेलं, त्यात न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन बरंच. दुसरं हिमाचल-उत्तराखंडाकडचं चीड, त्यात राळ जास्त. काही ठिकाणी दोन्हींना सरसकट 'देवदार' म्हणतात. खरा देवदार हे वेगळं झाड आहे, तेव्हा नावावर जाऊ नका, फळी हातात घेऊन बघा.

तिसरी वाट खोक्यांची. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत आणि इचलकरंजीच्या मागवाल्यांकडं बाहेरून मशिनरी येते ती पाइनच्या खोक्यांतून, पॅलेटवरून. हे लाकूड भंगारवाल्यांकडं स्वस्तात मिळतं. घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाखालच्या शिक्क्यात गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि प्रक्रियेची दोन अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेला. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. घरातल्या फर्निचरला एमबी नको. शिक्काच नसेल किंवा लाकडावर ऑइलचे, केमिकलचे डाग असतील तर तेही नको. आणि एचटी म्हणजे वाळलेलं, असं धरून चालू नका. ती उष्णता किडीसाठी असते, लाकूड त्यानंतरही ओलं असू शकतं. पहिल्या कामाला मात्र मी वखारीचीच फळी घ्यायला सांगेन. खोक्याचे खिळे उपसण्यातच सुट्टीचा दिवस जातो, आणि एखादा राहिलेला खिळा रंध्याचं पातं खातो.

वखारीत फळी एका टोकाला धरून दुसरं टोक जमिनीवर टेकवा, एक डोळा मिटून कडेनं बघा. लांबीत थोडा बाक असेल तर चालेल, कारण आपले तुकडे लहान आहेत. पीळ पडलेली फळी मात्र परत ठेवा, पीळ काढता काढता निम्मी जाडी संपते. टोकाला वर्षावलयांचा मधला ठिपका, म्हणजे झाडाचा गाभा दिसत असेल तर तीही नको, ती हमखास चिरते.

गाठी पाइनला असणारच, त्याच त्याची शोभा. गाठीभोवती काळं कडं असेल तर ती मेलेली गाठ, आज ना उद्या निसटून भोक पडेल. भोवतीच्या रेघा गाठीत मिसळलेल्या असतील तर ती जिवंत आणि घट्ट. फळीच्या कडेला किंवा पायाच्या मधोमध मोठी गाठ नको, लाकूड तिथंच मोडतं. निळसर-करडे पट्टे दिसले तर घाबरू नका, तो बुरशीचा डाग. त्यानं ताकद फारशी घटत नाही, पण लाकूड कधीतरी ओलं राहिलं होतं हे त्यावरून कळतं.

हिशेब घनफुटात होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. ८ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे ४८ भागिले १४४, एक तृतीयांश घनफूट. या बाकड्याला कापणीतली घट धरून एक घनफुटाच्या किंचित वर लाकूड लागेल. बैठकीला आणि कडेच्या पट्ट्यांना १ इंची फळी, पायांना २ बाय ३ इंचाचं लाकूड. रंधून झाल्यावर इंचाचं ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उरतं आणि २ बाय ३ चं दीड बाय अडीच. पुढची सगळी मापं रंधलेल्या लाकडाची आहेत. रंधा मशीन घरी नसणारच. वखारीला लागून असलेल्या सॉ मिलमध्ये रंधून मिळतं. उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे मिस्त्री आहेत, त्यांच्यापैकी कुणाची ओळख निघाली तर उत्तमच. ओतकामाच्या साच्याला सूतभर फरक चालत नाही, त्यामुळं त्यांची नजर पक्की असते आणि पाइन त्यांच्या रोजच्या हाताखालचं.

घरात आणून लगेच कापू नका

पाइन बिघडतं ते बहुतेक इथंच. लाकूड आजूबाजूच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात ७-८ टक्के पाणी राहतं, ६० टक्क्यांना ११ च्या आसपास, आणि ८५ टक्क्यांना १८ पर्यंत चढतं. आपल्याकडं एप्रिलातली हवा आणि जुलैतली हवा यांत केवढा फरक असतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पाण्यात ४ टक्के फरक पडला की पाइनची फळी रुंदीत साधारण १ टक्का फुगते किंवा आकसते. साडेपाच इंची फळीला म्हणजे दीडेक मिलिमीटर. लांबीत जवळजवळ काहीच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढं कुठं स्क्रू आवळायचा आणि कुठं मोकळीक ठेवायची ते आपोआप समजतं.

म्हणून फळ्या ज्या घरात बाकडं राहणार तिथंच आणून ठेवा. भिंतीला टेकवून नको. जमिनीवर सारख्या उंचीच्या रिपा (लाकडाच्या बारीक पट्ट्या) ठेवून त्यावर आडव्या, दोन फळ्यांच्या मधेही रिपा, चारी अंगांनी हवा लागेल अशा रचा. गच्चीवरच्या उन्हात मुळीच नको, वरचा थर आधी आकसतो आणि टोकं चिरतात.

किती दिवस ठेवायचं? ओलावा मोजायचं मीटर असेल तर १०-१२ टक्क्यांच्या आसपास यायची वाट बघा. नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्याच लाकडाचा वीतभर तुकडा फळीच्या टोकापासून थोडं आतून कापून घ्या, वजन करा, त्यावर पेन्सिलनं तारीख आणि वजन लिहा आणि फळ्यांवरच ठेवून द्या. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा वजन. घसरण थांबली आणि आकडा एका जागी बसला की लाकूड त्या खोलीच्या हवेला रुळलं. तुकडा फळीपेक्षा थोडा लवकर वाळतो, म्हणून त्यानंतर आणखी आठवडाभर थांबा.

काम दिवाळीनंतर काढून शिमग्याच्या आत संपवणं सगळ्यात सोयीचं. लाकूड निवांत वाळतं, पॉलिशही नीट बसतं. जुलैत सांधे जुळवलेत तर उन्हाळ्यात ते उघडे पडल्यावर मिस्त्रीला दोष देऊ नका, कारण मिस्त्री तुम्हीच.

हत्यारं

फार लागत नाही. बारीक दातांची करवत, गुण्या, टेप, मार्किंग गेज (कडेपासून ठरलेल्या अंतरावर रेघ ओढायचं साधन), पाऊण इंची आणि एक इंची पटाशी, लाकडी हातोडा, ड्रिल मशीन, चार सी-क्लॅम्प आणि पटाशी लावायचा दगड. सगळं लक्ष्मीपुरीत मिळून जाईल. पैसे वाचवायचे तर करवतीत वाचवा, पटाशीत नको. पाइन मऊ आहे म्हणून बोथट पटाशी चालेल असं वाटतं, आणि होतं नेमकं उलटं. मऊ तंतू बोथट धारेखाली कापले न जाता चुरगळतात. धार बघायची तर पाइनच्या तुकड्याच्या आडव्या छेदावर, म्हणजे जिथं वलयं दिसतात तिथं, पातळ चकती काढून बघा. कातडीसारखी चकचकीत पापडी निघाली तर धार बरोबर. भुसा पडला, खड्डे उठले, तर परत दगडावर.

कापणी

लागणारे तुकडे असे:

बैठकीच्या फळ्या: २, ४२ × साडेपाच इंच, ७ सूत जाड
कडेच्या उभ्या पट्ट्या: २, ३६ × साडेतीन इंच, ७ सूत जाड
पाय: ४, १६ इंच लांब, दीड बाय अडीच
आडवे: ५, साडेआठ इंच लांब, दीड बाय अडीच

एकाच मापाचे तुकडे एकेक मोजून कापू नका. पहिला नीट कापा, त्यावरून बाकीच्यांच्या खुणा मारा. पेन्सिलीऐवजी धारदार सुरीनं खूण केली तर करवत सुटते तेव्हा कडा फाटत नाहीत. करवत रेघेवर नको, रेघेच्या बाहेरच्या अंगानं चालवायची. चारही पाय शेवटी एकत्र उभे करून बोट फिरवा, उंचीतला फरक डोळ्याआधी बोटाला कळतो.

अर्ध्या जाडीचा सांधा

बाकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक चौकट येते: दोन पाय, वर एक आडवा, खाली जमिनीपासून ४ इंचांवर दुसरा. पाचवा आडवा मधल्या आधारासाठी, त्याला खाच नाही. चौकटीत दोन तुकडे जिथं भेटतात तिथं दोन्हींची अर्धी जाडी काढून एकमेकांत बसवायचे. मिस्त्री याला हाफ लॅप म्हणतात. खिळ्याच्या जोडापेक्षा याला वेळ लागतो, पण चिकटायला भरपूर जागा मिळते आणि चौकट डुलत नाही.

पायाची खाच बाहेरच्या अंगाला आणि आडव्याची आतल्या अंगाला घ्या. याचं कारण पुढं स्क्रू मारताना कळेल. जाडी दीड इंच, म्हणजे १२ सूत, तर खोली ६ सूत. मार्किंग गेज ६ सुतांवर लावा आणि सगळ्या तुकड्यांवर ठरवलेल्या तोंडाकडूनच रेघ ओढा. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं मोजलं की सांध्याला पायरी येते. खाचेची रुंदी टेपनं नको, प्रत्यक्ष दुसरा तुकडा वर ठेवून सुरीनं आखा.

मग खाचेच्या दोन्ही कडांवर करवतीचे काप, गेजच्या रेघेपर्यंत. मधे तीन-चार सुतांच्या अंतरानं आणखी काप. पटाशी आडवी धरून हातोड्याचे हलके ठोके दिले की पापुद्रे तुटून पडतात. रेघेपासून केसभर वर थांबा आणि उरलेलं हातानं दाबून सोला, दोन्ही कडांकडून मध्याकडं. एकाच बाजूनं आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते. सांधा हाताच्या दाबानं बसला पाहिजे. हातोडा मारावा लागला तर घट्ट आहे, पाइन फाटेल. आपसूक गळून पडला तर सैल, तिथं त्याच लाकडाची पातळ चिप चिकटवून परत सोला.

फेविकॉल नेहमीचा घ्यायचा की मरीन? सोप्यात पावसाचं तुषार येत असेल तर मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा. गावात पाणी शिरणाऱ्या भागातल्यांनी तर दुसरा विचारच करू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून खिळखिळी झालेली अनेकांनी पाहिलीत. भरीव लाकूड धुऊन सावलीत वाळवलं तर पुन्हा उभं राहतं, सांध्यानं मात्र दगा देऊ नये.

दोन्ही तोंडांना पातळ हात लावा, बसवा, क्लॅम्प आवळा. क्लॅम्पखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवायचाच, नाहीतर लोखंडाचा गोल ठसा कायमचा बसतो. आवळल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे असतील तर चौकट गुण्यात आहे. जो कर्ण लांब त्या दिशेनं हळूच दाबून सरळ करा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं फासू नका. तो तंतूंत शिरतो आणि स्टेन (लाकडाला छटा देणारा पातळ रंग) मारल्यावर तिथं पांढरा नकाशा उमटतो. अर्धा-पाऊण तास थांबा, रबरासारखा झाला की पटाशीनं सोलून काढा. रात्रभर क्लॅम्प राहू द्या, पूर्ण ताकद २४ तासांनी येते.

जोडणी

दोन चौकटी समोरासमोर उभ्या करून त्यांच्या बाहेरच्या कडांवर ३६ इंची पट्ट्या येतात, वरची कड पायांच्या माथ्याशी सपाट. प्रत्येक पायात दोन स्क्रू, ८ नंबरचे, दोन इंची. काळे ड्रायवॉल स्क्रू सगळीकडं मिळतात, पण ते ठिसूळ असतात आणि दमट हवेत गंजतात. जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेसचे घ्या.

भोक पाडल्याशिवाय एकही स्क्रू नको. पट्टीत साडेचार मिलिमीटरचं भोक, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जातो. पायात ३ मिलिमीटरचं, म्हणजे आटे धरतात. पट्टीतही आटे धरले तर दोन तुकड्यांच्या मधे फट राहते आणि कितीही आवळलं तरी ती मिटत नाही. वरचा स्क्रू पट्टीच्या टोकापासून सव्वा इंचाच्या आसपास येऊ द्या. तिथं पायाचा आतला अर्धा भाग आहे, स्क्रू तंतूंना आडवा जातो आणि घट्ट बसतो. आडव्याच्या टोकात, तंतूंच्या दिशेनं गेलेला स्क्रू सहज उपसून येतो, म्हणून मघाशी खाचांची बाजू ठरवून घेतली. खालचा स्क्रू सांध्याच्या खाली, अखंड पायात. पाचवा आडवा दोन पट्ट्यांच्या मधोमध, वरच्या कडेशी सपाट. त्याच्या टोकांत स्क्रू घालणं भागच आहे, म्हणून तिथं अडीच इंची घ्या आणि फेविकॉलही लावा. त्याचं काम फक्त बैठकीला खालून टेकू देणं.

बैठकीच्या दोन फळ्या वरून स्क्रूनं ठोकू नका. एक तर डोकी दिसतात, दुसरं म्हणजे फळी आवळून टाकली की पावसाळ्यात फुगायला जागा मिळत नाही. खालून छोट्या एल-पट्ट्या लावा, प्रत्येक फळीला चार: दोन टोकांच्या आडव्यांवर, दोन कडेच्या पट्टीवर. एल-पट्टीचं फळीकडचं भोक कानशीनं किंचित लांबट करा. स्क्रू अर्धा इंचीच, फळी ७ सूत आहे हे विसरून लांब स्क्रू घातला तर टोक बसणाऱ्याला कळेल. दोन फळ्यांमधे २ सूत फट ठेवा.

पॉलिश पेपर

१०० नंबरनं सुरुवात, मग १५०, मग १८०. पाइनला याहून गुळगुळीत करायचा मोह टाळा. फार बारीक घासलं की पृष्ठभाग दाबला जातो आणि स्टेन शिरत नाही. पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा. पाइनच्या फळीत मऊ आणि कडक पट्टे आळीपाळीनं असतात, नुसत्या बोटांनी घासलं की मऊ पट्टे खोल जातात आणि फळी नाल्यांची होते. घासायचं रेघांच्या दिशेनंच. आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, स्टेन लागला की ओरडतो. सगळ्या धारदार कडा हलक्या मोडा, रंगाचा हात तीक्ष्ण कडेवर टिकत नाही आणि मांडीलाही बोचते.

१८० झालं की ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यानं सगळीकडं पुसा आणि वाळू द्या. हात फिरवला तर लव उठलेली लागेल. ती जुन्या १८० च्या पेपरनं अगदी हलक्या हातानं काढा. पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेन, वरून द्यायचं पारदर्शक पॉलिश) वापरणार असाल तर ही पायरी चुकवू नका. तोंडाला मास्क लावा.

पॉलिश: इथं वेळ घालवा

पाइनचा रंग बिघडतो त्याला दोन कारणं. मऊ पट्टे स्टेन जास्त पितात, कडक पट्टे कमी, म्हणून डागाळल्यासारखं दिसतं. आणि गाठींतली राळ उन्हाळ्यात मऊ होऊन वर येते, रंगातून पिवळं कडं फुटतं. दोन्हींवर औषध एकच, चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या.

१०० ग्रॅम चपडा अर्ध्या लिटर स्पिरिटमधे, काचेच्या बरणीत भिजवा. लोखंडी डब्यात नको, द्रावण काळपट होतं. रात्रीतून विरघळेल, मधे हलवत राहा. दोन दिवस न हलवता ठेवलं की मेणाचा ढगाळ थर खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बाटलीत हळूच ओता. हे आवश्यक आहे, कारण चपड्यातलं मेण राहिलं तर त्यावर पीयू नीट धरत नाही. स्पिरिट पेट घेतं आणि पोटात गेलं तर विष आहे. देवघरातली समई, गॅस, पोरं, सगळ्यांपासून लांब, खिडक्या उघडून काम करा. लेबल लावा. कामापुरतंच करा, जुनं द्रावण नीट वाळत नाही.

निवळ द्रावणाचे दोन हात फक्त गाठींवर द्या. मग त्यात तेवढंच स्पिरिट मिसळून पातळ करा आणि एक हात सगळ्या बाकड्यावर, न थांबता, भरभर. तासाभरानं ३२० च्या पेपरनं नुसता हात फिरवा. आता लाकडाची तहान सगळीकडं सारखी भागलेली असते.

स्टेन लावायचाच असेल तर आता. आधी टाकाऊ तुकड्यावर, त्याच पेपरनं घासून, त्याच चपड्याचा हात देऊन बघा. डब्यावरचा रंग पाइनवर कधीच तसाच येत नाही. फडक्यानं लावा, दोन-तीन मिनिटांनी जादा पुसून घ्या. मला विचाराल तर सागवानी किंवा अक्रोडी स्टेनच्या भानगडीत पडूच नका. रेघाच पाइनच्या असतात, त्या लपत नाहीत. फिकं ठेवा. उजेडानं ते आपोआप मधाळ होत जातं. फक्त पहिली काही महिने त्यावर कायमची कुंडी ठेवू नका, खाली फिका गोल राहील.

वरचा थर कोणता, हे वापरावर ठरतं. नुसत्या चपड्याचं पॉलिश हाताला सगळ्यात गोड, पण चहाचा गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. देव्हाऱ्याला, पुस्तकाच्या मांडणीला ठीक. जवसाचं तेल लावायला सोपं, पण पाइनला लवकर पिवळं करतं आणि पाण्याला फारसं अडवत नाही. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपणहून पेट घेऊ शकतो. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. बसायच्या बाकड्याला पीयूच बरा. पाण्यातल्या पीयूला वास कमी आणि रंग फिका राहतो. थिनरमधल्या पीयूनं थोडी पिवळसर झाक येते. तीन पातळ हात, प्रत्येक दोन हातांमधे ३२० चा हलका पेपर आणि धूळ पुसून. जाड दोन हात दिले तर ओघळ येतात आणि ते काढण्यात तीन हातांहून जास्त वेळ जातो.

ऑइल पेंट मारायचा असला तरी गाठींवरचा चपडा सोडू नका, प्रायमरनं राळ थांबत नाही. बैठकीच्या फळ्यांना खालूनही तितकेच हात द्या. एकच बाजू बंद केली की उघडी बाजू एकटी पाणी पिते आणि फळी वाटीसारखी होते.

पावसाच्या दिवसांत चपडा किंवा लॅकर मारला तर पांढुरका ढग येतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. आलाच तर कोरड्या दिवशी फडक्यावर थोडंसं स्पिरिट घेऊन हलक्या हातानं फिरवा, बहुतेकदा निघतो. त्यापेक्षा भुरभुर असताना बरणी उघडूच नका.

एक जागा सगळे विसरतात: पायांचे तळ. तिथं तंतू उघडे असतात, पाणी वर चढतं. रोज फरशी पुसताना पाय ओले होतात आणि वर्षभरात तळाशी काळी पट्टी दिसते. बाकडं उलटं करून तळांना पीयूचे चार-पाच हात जिरवा, वाळल्यावर रबरी बूट ठोका. जमिनीपासून दोन सूत उचललं गेलं तरी वाळवीचा माग लवकर नजरेला पडतो. घरात वाळवी आहे हे माहीत असेल तर ही पहारेदारी पुरणार नाही, पॉलिशच्या आधी लाकडाला वाळवीचं औषध मारून पूर्ण वाळवा.

वापरात आल्यावर

पोचे पडणारच. तंतू तुटले नसतील तर पोचा परत उठवता येतो. पॉलिश तेवढ्यापुरतं घासून काढा, खळग्यात पाण्याचे दोन थेंब सोडून पाच मिनिटं जिरू द्या, वर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. एकदा-दोनदा केलं की बोटाला खळगा लागत नाही. पूर्ण वाळू द्या, १८० चा हात मारा, परत चपडा आणि पीयू. तंतू तुटून खड्डा पडला असेल तर इस्त्रीनं काही होत नाही, तिथं पुट्टी किंवा लाकडाची चिप.

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरात बाकडं उलटं करा. एल-पट्ट्यांचे स्क्रू तपासा, सैल असतील तर तेवढेच आवळा, लांबट भोकातला स्क्रू जीव खाऊन पिळू नका. मधली फट मोजून पट्टीच्या आतल्या अंगाला तारखेसह लिहून ठेवा, आणि एप्रिलात परत मोजा. पुढचं टेबल करताना फळीला किती मोकळीक द्यायची, ते त्या दोन आकड्यांवरून ठरवता येईल.